कार्गो ट्रेलरचा कॅम्पर: भिंतीआडच्या कामाचा अनुभव

कार्गो ट्रेलर ही अमेरिकेच्या रस्त्यांवर सर्वत्र दिसणारी वस्तू आहे. पोलादी चौकट, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून प्लायवुड, खाली चाके जोडलेले एक किंवा दोन ॲक्सल आणि पुढे मोटारीच्या हिचला, म्हणजे तिच्या मागच्या जोडणीला, अडकवायचा त्रिकोणी दांडा, एवढीच तिची रचना. रंगारी, प्लंबर, बागकाम करणारे आणि मोटरसायकलींच्या शर्यतींना जाणारे लोक आपले सामान अशा बंद पेटीतून नेतात. आम्ही सहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक रिकामी पेटी घेतली आणि डेन्व्हरजवळच्या आमच्या घरासमोर, वडिलांच्या मदतीने, तिच्यात तिघांच्या झोपण्याची, स्वयंपाकाची आणि कडाक्याच्या थंडीत टिकून राहण्याची सोय करून तिचा कॅम्पर, म्हणजे मोटारीमागे ओढत नेता येणारे फिरते घर, बनवला. हे काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्याचा तपशील येथे लिहीत आहे. त्याआधी माझे एक मत नोंदवते. कपाटे, गाद्या आणि दिवे हा या कामातला सोपा भाग आहे. अशा पेटीत रात्री सुखाने झोप लागेल की नाही, हे भिंतीच्या आड कायमचे झाकल्या जाणाऱ्या कामावर ठरते.

आम्ही अनेक वर्षे तंबूत राहत आलो होतो. परंतु कोलोरॅडोतील आमचे आवडते दिवस सप्टेंबरच्या अखेरीचे आणि ऑक्टोबरचे, आणि आवडती जागा म्हणजे सॅन लुईस खोरे आणि त्याच्या कडेचे ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यान. तेथे त्या दिवसांत रात्री पाणी गोठते आणि दुपारनंतर वाळू उडवणारा वारा सुटतो. मुलगी लहान असताना अशा वाऱ्यात तंबू धरून बसण्यापेक्षा चार पक्क्या भिंती असाव्यात, असे मला आणि माझ्या नवऱ्याला वाटू लागले. तयार ट्रॅव्हल ट्रेलर आम्ही पाहिले. त्यांतल्या अनेकांच्या भिंती हलक्या चौकटीवर फायबरग्लासचा पातळ थर चिकटवून केलेल्या असतात. छताच्या एखाद्या सांध्यातून पाणी शिरले, तर आतले लाकूड कुजेपर्यंत बाहेर काही दिसत नाही, आणि दिसते तेव्हा दुरुस्ती आवाक्याबाहेर गेलेली असते. शिवाय आमच्या टोयोटा हायलँडरची ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड आहे आणि डोंगरातील घाट चढताना त्या मर्यादेच्या जवळ जाण्याची आमची तयारी नव्हती. रिकाम्या पेटीत प्रत्येक वस्तू आपणच निवडून बसवायची असल्यामुळे वजनही आपल्या हाती राहते आणि भिंतीत काय आहे हेही आपल्याला ठाऊक असते. हा विचार आम्हाला पटला.

अशा पेट्यांचे कारखाने प्रामुख्याने दोन भागांत एकवटलेले आहेत: इंडियाना राज्यातील एल्कहार्टच्या परिसरात आणि दक्षिण जॉर्जियात. विक्रेत्याच्या आवारात उभी असलेली पेटी स्वस्त मिळते, पण आम्ही मागणी नोंदवून बनवून घेतली, कारण काही गोष्टी नंतर बदलता येत नाहीत. पहिली गोष्ट उंची. नेहमीच्या पेटीत आतली उंची सहा फूट असते. जमिनीवर आणि छताला उष्णतारोधक थर लावल्यावर त्यातली दोन-अडीच इंच जातात आणि माणसाचे डोके छताला टेकते. आम्ही साडेसहा फूट उंची मागितली. दुसरी गोष्ट भिंतीच्या चौकटीतल्या उभ्या पोलादी नळ्यांमधले अंतर, जे स्वस्त पेट्यांत २४ इंच असते. आम्ही १६ इंच घेतले, म्हणजे चौकट ताठ राहते आणि कपाटे अडकवायला जागोजाग पोलाद मिळते. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्रेक. एका ॲक्सलच्या पुष्कळ पेट्यांवर कमाल एकूण वजन २,९९० पौंड अशी पाटी असते. त्यांच्याखालचा ॲक्सल ३,५०० पौंडांचाच असतो, परंतु ३,००० पौंडांपासून पुढे अनेक राज्यांत ट्रेलरला ब्रेक बंधनकारक होतात, म्हणून पाटीवरचा आकडा त्याच्या किंचित खाली ठेवलेला असतो. आम्ही विजेवर चालणारे ब्रेक आणि ट्रेलर हिचपासून सुटल्यास ते आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विच, दोन्ही मागून घेतले. दहा हजार फुटांवरून खाली उतरताना मागून पावणेतीन हजार पौंडांची पेटी ढकलत असते, तेव्हा त्या पैशांची किंमत कळते.

पेटी आली त्या उन्हाळ्यात माझे वडील पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटी महामंडळाच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली. तेथे नव्या चॅसिसवर बसची संपूर्ण बॉडी उभी केली जाते, आणि बाबांनी चौकटीवर ॲल्युमिनियमचे पत्रे चढवण्याचे व रिव्हेट मारण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. पेटीभोवती एक फेरी मारून, आत टॉर्च घेऊन जाऊन, ते बाहेर आले आणि म्हणाले, "चौकट बरी आहे. पण आधी आतलं लाकूड काढ. पत्रा मागून बघितल्याशिवाय पुढचं काही ठरवायचं नाही." मला घाई होती, खिडक्यांची खोकी गॅरेजमध्ये येऊन पडली होती. तरी आम्ही आधी आतल्या भिंतींचे तीन अष्टमांश इंच जाडीचे प्लायवुड स्क्रू काढून उतरवले. त्याच्या जागी पुढे पाच मिलिमीटरचे प्लायवुड लावल्यामुळे केवळ या एका बदलात सुमारे शंभर पौंड वजन वाचले, हा वेगळा लाभ.

भिंती उघड्या झाल्यावर बाबांनी पाण्याची परीक्षा घेतली, आणि तिची रीत येथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. होजपाइपला फवारा न लावता, पाणी कमी दाबाने, भिंतीच्या तळापासून सुरुवात करून हळूहळू वर न्यायचे. एका सांध्यावर पाच-सात मिनिटे पाणी सोडायचे, आत बसलेल्या माणसाने टॉर्चने त्याच जागेची मागची बाजू पाहायची, आणि कोरडी दिसली तरच पुढच्या सांध्याकडे जायचे. वरून सुरुवात केली तर पाणी कोठून शिरले आणि कोठे बाहेर पडले हे कळत नाही, कारण पत्र्याच्या आतल्या बाजूने ते नळीच्या कडेने बरेच अंतर वाहत जाऊन भलतीकडे टपकते. मी आत बसले होते आणि बाबा बाहेरून सांध्याचे नाव घेत पुढे सरकत होते. नव्या कोऱ्या पेटीत आम्हाला गळती सापडली ती पुढच्या कोपऱ्यावरील पट्टीखाली आणि वरच्या कडेला लावलेल्या छोट्या पिवळ्या दिव्यांच्या मागे. त्या दिव्यांची तार आत नेण्यासाठी पत्र्याला भोक पाडलेले असते आणि कारखान्यात त्यावर पातळ फोमची चकतीच लावलेली होती. बाबांचे म्हणणे असे की, जिथे पत्र्यावर पत्रा चढतो आणि जिथे पत्र्यातून तार जाते, त्या दोनच जागा बसमध्येही पावसाळ्यात त्रास देत. आम्ही प्रत्येक दिवा उतरवला, मागे ब्युटाइलची, म्हणजे मऊ रबरासारखी, चिकट पट्टी गोल वळवून बसवली आणि मगच तो पुन्हा घट्ट केला. ब्युटाइल वर्षानुवर्षे मऊ राहते आणि पत्रा तापून-निवून हलला तरी त्याच्याबरोबर हलते. सिलिकॉन मात्र एकदा सुटले की त्याच्यावर दुसरे काहीही नीट चिकटत नाही, म्हणून बाहेरच्या सांध्यांवर आम्ही ते कोठेही वापरले नाही.

याच टप्प्यावर बाबांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी एरवी वाचून सोडून दिली असती. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकून ओले राहिले की ॲल्युमिनियम झिजू लागते आणि पांढरी भुकटी सुटते. कारखान्याने पत्रा आणि नळी यांच्यामध्ये पट्टी दिलेली होती, पण दरवाजाच्या चौकटीपाशी ती नव्हती. तेथे गंजरोधक रंग आणि नवी पट्टी लावल्यानंतरच बाबांनी मला पुढे जाऊ दिले.

खिडक्या आणि छतावरचा पंखा यांसाठी चांगल्या पत्र्याला भोक पाडण्याची वेळ आली, तेव्हा मात्र माझा हात थांबला होता. कॅम्परच्या खिडकीची बाहेरची चौकट आणि आतले कडे भिंतीला दोन्हीकडून आवळून धरतात, त्यामुळे खिडकी मागवतानाच पूर्ण झालेल्या भिंतीची जाडी सांगावी लागते. आमच्या भिंतीची जाडी पत्र्यासह पावणेदोन इंच होणार होती. खिडक्यांचे कोपरे गोल असतात, आणि बाबांच्या मते ते शोभेसाठी नव्हेत. चौकोनी कापलेल्या कोपऱ्यावर सगळा ताण एकवटतो आणि गाडी हादरत राहिली की तेथूनच पत्रा चिरत जातो. आम्ही आधी कोपऱ्यांना ड्रिलने गोल भोके पाडली, कापायच्या रेषेवर रंगाऱ्याची चिकटपट्टी लावली आणि बारीक दात्यांचे पाते घालून जिगसॉने, म्हणजे विजेच्या छोट्या करवतीने, पत्रा कापला. पोलादी नळीतून पडणारा कीस ॲल्युमिनियमवर राहिला तर एका रात्रीत गंजाचे ठिपके उठतात, म्हणून प्रत्येक कापानंतर ब्रशने आणि व्हॅक्यूमने जागा साफ केली. पलंगाशेजारची खिडकी मुद्दाम इतकी मोठी घेतली की, दार अडले तर मोठे माणूस तिच्यातून बाहेर पडू शकेल. आग लागली तर अशा लहान खोलीत धूर काही क्षणांत भरतो, तेव्हा बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग असणे मी अनिवार्य मानते.

छतावरच्या पंख्याला १४ इंच लांब-रुंद चौरस भोक लागते. छताच्या आडव्या कमानींमधले अंतर मोजून ते दोन कमानींच्या बरोबर मध्ये येईल असे आखले, आतून लाकडी चौकट बसवली, पंख्याच्या पट्टीखाली ब्युटाइल दिले, आणि वरून प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आपोआप पसरून सपाट होणारे छताचे सीलंट घातले. नंतर पुन्हा पाणी सोडून पाहिले. पंख्याच्या कामात कोणी काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण पावसाच्या पाण्यात नसून आपल्या श्वासात आहे.

धातूच्या पेटीत राहणाऱ्यांना पावसाइतकाच त्रास आतून तयार होणाऱ्या दवाचा होतो. दोन मोठी माणसे आणि एक मूल रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून मिळून सहज अर्धा लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतात. त्यात आत गॅसवर काही शिजवले किंवा उघड्या ज्योतीचा प्रोपेनचा हीटर लावला तर भर पडते, कारण एक किलो प्रोपेन जळाल्यावर सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात हवेत येते. बाहेर शून्याखाली तापमान असताना ही ओली हवा थंड पोलादाला लागली की तेथे पाणी साचते, आणि ते प्लायवुडच्या मागे, नजरेआड साचते. भिंतीत नुसती फोमची पाने दोन नळ्यांच्या मध्ये बसवली तर नळ्या उघड्याच राहतात. पोलाद उष्णता सहज वाहून नेते, त्यामुळे प्रत्येक नळीच्या रेषेवर भिंत गार पडते आणि सकाळी आतल्या लाकडावर ओल्या उभ्या पट्ट्या उमटतात.

म्हणून आम्ही नळ्यांच्या मध्ये एक इंच जाडीची एक्सपीएस फोमची (कडक पॉलिस्टायरीनची) पाने बसवली आणि नंतर नळ्यांसकट संपूर्ण भिंतीवर अर्ध्या इंचाचा दुसरा सलग थर दिला. एक्सपीएसची उष्णता अडवण्याची क्षमता, म्हणजे रोधकता, 'आर' या मापात इंचाला सुमारे आर-५ असते. पॉलिआयसो या दुसऱ्या फोमची त्याहून अधिक सांगितली जाते, पण कडाक्याच्या थंडीत ती खालावते आणि आम्हाला थंडीतच तिची गरज होती. पाने कापताना पाव इंच लहान कापली आणि चहूबाजूंची फट कमी फुगणाऱ्या फोमने भरली, म्हणजे आतली हवा मागच्या पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही. सांध्यांवर फॉइलची पट्टी लावली. जमिनीवर एक इंच फोम आणि त्यावर अर्ध्या इंचाचे प्लायवुड घातले. छतालाही भिंतीसारखेच दोन थर दिले. हे काम कंटाळवाणे आहे, गुडघे दुखवणारे आहे आणि पूर्ण झाल्यावर त्याचे काहीही दिसत नाही, परंतु संपूर्ण बांधणीत मी सर्वांत जास्त वेळ त्यालाच दिला आणि त्याबद्दल मला समाधान आहे.

या कामामुळे उष्णतेचा हिशेब सोपा झाला. भिंती, छत आणि जमीन मिळून सुमारे ३८० चौरस फूट क्षेत्रफळ भरते. बाहेर उणे १० आणि आत १८ अंश सेल्सिअस ठेवायचे म्हटले तर या पृष्ठभागातून साधारण एक किलोवॉट उष्णता बाहेर जाते; खिडक्या आणि वायुवीजन धरून त्यात थोडी भर घालावी. म्हणजे दोन किलोवॉटचा डिझेल हीटर पुरेसा होतो. हा हीटर ज्वलनासाठी लागणारी हवा पेटीच्या तळाखालून बाहेरची घेतो आणि धूरही बाहेर सोडतो, त्यामुळे आत येणारी गरम हवा कोरडी असते आणि दवाचा प्रश्न वाढण्याऐवजी कमी होतो. उंचीवर हवा विरळ असते आणि डिझेलचा पुरवठा समुद्रसपाटीच्या हिशेबाने झाला तर इंधन पूर्ण जळत नाही व काजळी धरते. म्हणून उंचीनुसार इंधन कमी करणारा हीटर आम्ही निवडला. धुराची नळी भिंतीपासून दूर, दाराच्या आणि खिडक्यांच्या विरुद्ध बाजूला काढली. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा आणि धुराचा इशारा देणारे सूचक हे दोन्ही बसवल्याशिवाय त्या पेटीत कोणी झोपलेले नाही. रात्रभर छताचा पंखा मंद वेगाने हवा बाहेर टाकतो आणि एक खिडकी बोटभर उघडी राहते. गरम केलेली हवा बाहेर सोडणे पाहुण्यांना विचित्र वाटते, पण सकाळी काचा कोरड्या मिळतात त्या त्यामुळेच.

विजेचे काम माझ्या नवऱ्याने केले. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १,२८० वॉट-तास ऊर्जा साठवते. पेटीसारखा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला चारशे-पाचशे वॉट-तास घेतो, हीटरचा पंखा आणि पंप रात्रीला दोनशेच्या आसपास, छताचा पंखा शंभर, दिवे आणि फोन मिळून आणखी शंभर. छतावरचे २०० वॉटचे सौर पॅनेल उन्हाळ्यात हे सर्व भरून काढते, ऑक्टोबरमध्ये मात्र काटकसर करावी लागते. या बॅटरीला शून्य अंशाखाली असताना चार्ज करता येत नाही. तसे केल्यास लिथियम धातूच्या रूपात ऋणाग्रावर साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून ती पुढच्या दांड्यावर न ठेवता आत, बाकाखाली, उबेत ठेवली आहे, आणि तापमान उतरले की चार्जिंग थांबवणारे सर्किट तिच्यातच आहे. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर मुख्य फ्यूज आहे. प्रत्येक तारेवर तिचे काम लिहिलेली चिठ्ठी गुंडाळलेली आहे, आणि भिंती बंद करण्यापूर्वी सर्व तारांचे फोटो काढून ठेवले आहेत, म्हणजे पुढे कधी स्क्रू मारताना अंदाज करावा लागणार नाही.

आतल्या सामानाबद्दल थोडक्यात सांगते. सहा फुटी पेटीची आतली रुंदी प्रत्यक्षात साडेपाच फुटांच्या आसपास राहते, त्यामुळे मोठ्या माणसाला आडवे झोपता येत नाही. आमचा पलंग लांबीच्या दिशेने आहे आणि दिवसा त्याचा बाक होतो. पुढच्या निमुळत्या भागात वरच्या बाजूला मुलीचा आडवा माळा आहे, त्यावर अजून काही वर्षे ती मावेल. कपाटांना अर्ध्या इंचाचे बर्च प्लायवुड वापरले, प्रत्येक फळीला वजन कमी करण्यासाठी मोठी भोके पाडली, आणि दारांना गाडीच्या हादऱ्यांनी न उघडणाऱ्या दाबाच्या खिट्ट्या लावल्या. शौचासाठी कॅसेटचे, म्हणजे खालची टाकी काढून नेता येणारे, सुटे कमोड आहे, ते परतीच्या वाटेवर नेमलेल्या ठिकाणी रिकामे करतो. मुलीने भिंतीचा रंग निवडला.

वजनाचा प्रश्न मात्र थोडक्यात सांगण्यासारखा नाही. ट्रेलर ओढताना केवळ एकूण वजन मर्यादेत असून भागत नाही, ते ॲक्सलच्या पुढे आणि मागे कसे वाटले गेले आहे यावर रस्त्यावरची स्थिरता अवलंबून असते. हिचच्या गोळ्यावर येणारा उभा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. तो कमी झाला, म्हणजे मागचा भाग जड झाला, तर वाऱ्याच्या झोताने किंवा बाजूने जाणाऱ्या ट्रकने ट्रेलर डोलू लागतो, आणि वेग वाढला की ते डोलणे वाढत जाऊन गाडी हाताबाहेर जाऊ शकते. यामुळे प्रत्येक जड वस्तूची जागा आम्ही कागदावर आधी ठरवली. पाण्याचे सात गॅलनचे दोन कॅन भरल्यावर जवळपास १२० पौंड होतात आणि ते मुक्कामात रिकामे होत जातात. म्हणून ते बरोबर ॲक्सलच्या वर ठेवले, म्हणजे भरलेले असोत वा रिकामे, पुढच्या-मागच्या तोलात फरक पडत नाही. बॅटरी आणि हीटर त्याच्या थोडे पुढे आहेत. सायकली मागच्या दारावर लटकवण्याची मुलीची मागणी आम्ही मान्य केली नाही. त्या मोटारीच्या टपावर जातात.

हिचवरचा भार घरी मोजण्याची एक चांगली रीत आहे. एक जाड फळी घ्यायची, तिचे एक टोक विटेवर टेकवायचे आणि दुसरे टोक त्या आधारापासून तीन फुटांवर बाथरूममधल्या वजनकाट्यावर. ट्रेलरचा दांडा आधारापासून एक फुटावर टेकवला की काट्यावर त्याच्या एक तृतीयांश भार येतो. दिसणाऱ्या आकड्याला तीनने गुणायचे आणि फळीचे स्वतःचे वजन आधीच वजा करायचे. बाबांना ही रीत फार आवडली. एकूण वजनासाठी आम्ही महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरील कॅट स्केल या ट्रक तोलण्याच्या काट्यावर गेलो. प्रवासाच्या पूर्ण तयारीनिशी, पाणी आणि अन्नासह, पेटीचे वजन २,८०० पौंडांच्या जवळ भरले आणि हिचवर ३४० पौंड आले, म्हणजे सुमारे १२ टक्के. टायर प्रत्येकी १,८२० पौंड वाहणारे आहेत, तेव्हा तेथेही पुरेशी सवड आहे. पण ट्रेलरच्या या टायरांची वेगमर्यादा पुष्कळदा ताशी ६५ मैल असते आणि पश्चिमेकडील महामार्गांवर ७५ची पाटी असते. आम्ही उजवी लेन सोडत नाही आणि ६२च्या पुढे जात नाही.

डेन्व्हरहून सॅन लुईस खोऱ्याकडे जाणारा २८५ क्रमांकाचा रस्ता केनोशा पास हा घाट चढून साउथ पार्कच्या उघड्या पठारावर येतो, आणि पुढे पोंचा पास ओलांडून खोऱ्यात उतरतो. बांधणीची खरी परीक्षा त्याच रस्त्यावर झाली. साउथ पार्कमध्ये आडवा वारा होता. पेटीची बाजू म्हणजे जवळजवळ ऐंशी चौरस फुटांचा सपाट पत्रा, त्यामुळे झोत जाणवत होता, परंतु मागून डोलणे नव्हते; माझा नवरा गाडी चालवत होता आणि मी आरशात ट्रेलरची मागची कड रस्त्याच्या पांढऱ्या रेषेशी जुळवून पाहत होते. पहिल्या पन्नास मैलांत दोनदा थांबून चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळले, कारण नव्या चाकांचे नट सुरुवातीच्या प्रवासात बसत जातात आणि सैल पडतात. पेट्रोलचा खप पुष्कळ वाढला. रिकाम्या मोटारीला गॅलनला चोवीस मैल पडतात, ट्रेलर जोडल्यावर चौदाच्या आसपास, आणि यात वजनापेक्षा हवेच्या अडथळ्याचा वाटा मोठा आहे.

मुक्काम आम्ही बहुधा ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या मोकळ्या जमिनीवर करतो. तेथे बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या काळात १४ दिवस विनामूल्य राहता येते; पाणी, वीज किंवा कचरापेटी यांची सोय मात्र नसते, आणि जे आणले ते सर्व परत न्यायचे असते. अशा जागी आपली पेटी स्वयंपूर्ण असण्याचा खरा उपयोग होतो. स्वयंपाक शक्यतो बाहेर, ताडपत्रीखाली दुमडत्या टेबलावर करतो, म्हणजे वाफ आत येत नाही आणि अन्नाचा वासही अंथरुणाला लागत नाही. आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी कच्ची राहते. शेजारी तळ ठोकलेल्या अमेरिकन कुटुंबांना आमच्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांचे कुतूहल वाटते. आतला दाब वाढवल्यामुळे पाणी अधिक तापमानाला उकळते आणि डाळ घरच्यासारखीच शिजते, हे त्यांना सांगताना बाबांना मोठा आनंद होत असे.

त्या ऑक्टोबरमध्ये बाबांनीही, पुण्याला परतण्यापूर्वी, आमच्याबरोबर पेटीतच मुक्काम केला. मुलीने आपला माळा न सोडल्यामुळे माझ्या नवऱ्याने बाहेर तंबू लावला. पहाटे बाहेरचे पाणी गोठलेले होते. बाबांनी उठल्या उठल्या चश्मा लावून टॉर्चने भिंतीवर, नळ्यांच्या रेषांवर, हात फिरवून पाहिला आणि नंतर बाकाखालचे कोपरेही तपासले. "कोरडं आहे," एवढेच ते म्हणाले आणि चहा मागितला.

आता दरवर्षी थंडी सुरू होण्याआधी आमचे ठरलेले काम असते. छतावर चढून पंख्याभोवतीचे सीलंट तडकले आहे का ते पाहायचे, दिव्यांच्या आणि खिडक्यांच्या कडा तपासायच्या, आणि पुन्हा एकदा तळापासून वर पाणी सोडून आत टॉर्च धरायचा. चाकांचे बेअरिंग उघडून जुने ग्रीस पुसून नवे भरायचे. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि उभे राहून खराब होतात, म्हणून बाजूवर कोरलेला चार आकडी संकेत वाचून त्यांचे वय मोजायचे. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. आमच्या टायरांना पाच वर्षे पूर्ण होत आली आहेत, तेव्हा येत्या वसंतात, घाटात जाण्याआधी, ते बदलायचे आहेत.